रोजच्या धबडग्यात प्रभूचं मार्गदर्शन तुम्ही कसं ओळखता?

भुसावळची_सून
सगळ्यांना सलाम. बरेच दिवस इथं नुसतं वाचतेय, आज विचारायचंच म्हणून लिहायला बसले. प्रश्न सरळ आहे. रोजच्या जगण्यात देवाचं मार्गदर्शन तुम्हाला कळतं कसं? मोठमोठ्या साक्षी मी लहानपणापासून ऐकल्यात, स्वप्नात आवाज आला, दारू एका रात्रीत सुटली वगैरे, त्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण साधा निर्णय घ्यायचा असतो तेव्हा हे त्याच्या मनातलं की आपल्याच मनातलं, हे ओळखायचं कसं?

माझं सांगते. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, बोलणं घरच्यांनाच कळतं. नवरा मालगाडीवर लोको पायलट, कॉल कधी येईल त्याचा नेम नाही, एकदा गेला की रनिंग रूममध्ये मुक्काम. म्हणजे सगळं माझ्यावर. आता मला नंदुरबार जिल्ह्यातून एका मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका म्हणून बोलावणं आलंय. लग्नाआधी मी हेच काम करायचे आणि खरं सांगते, त्यात माझा जीव आहे. नवरा म्हणतो तू जा, आईला ताईकडे ठेवू. नणंद हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. मी प्रार्थना करते आणि काहीच ऐकू येत नाही.

दुसरं म्हणजे आनंद. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे वचन आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. रविवारी उपासनेत मन भरून येतं, घरी येऊन चादर बदलायला घेतली की कुठं जातं कोण जाणे. त्यात मागे एका प्रार्थनासभेत बाहेरगावच्या प्रचारकांनी सगळ्यांदेखत सांगितलं की या घरात विश्वास कमी आहे म्हणून आई उठत नाहीत. सासूबाईंनी ते ऐकलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

शालोम_जळगाव
ताई, वचन काढा. आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला ताटात वचनांची कार्डं ठेवतात, बारा वाजता प्रत्येकाने एक उचलायचं आणि वर्षभर तेच धरून चालायचं. ज्या वर्षी मिस्टरांची दाल मिलमधली नोकरी गेली त्या वर्षी मला यशया ४१ मधलं "तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे" आलं होतं. त्या एका कार्डावर मी वर्ष काढलं. शांत मनाने प्रार्थना करा, बायबल उघडा, जिथं नजर पडेल ते तुमचं उत्तर.

सिस्टर_नवापूर
आधी त्या प्रचारकांचं बघू, बाकी नंतर. योहान ९ वाचा आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. जन्मापासून आंधळा माणूस, शिष्य विचारतात पाप कोणाचं, ह्याचं की आईबापाचं? येशू म्हणतो ह्याचंही नाही, आईबापाचंही नाही. विषय संपला. आणि प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा तो त्रास? तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

मी वॉर्डात आयुष्य काढलंय. मेंदूत गुठळी अडकली किंवा रक्तस्राव झाला की तेवढा भाग मरतो, म्हणून हातपाय जातात. ह्यात कोणाच्या विश्वासाचा हिशोब नाही.

आता कामाचं. दर दोन तासांनी कूस बदलता का? रात्रीसुद्धा? टाचा, माकडहाड आणि खुबा रोज उजेडात बघा. लालसर डाग दाबून पाहिला आणि तो पांढरा पडला नाही, तर तिथं जखम सुरू होतेय असं समजा. त्यावर मालिश अजिबात नको. हवेची गादी भाड्याने मिळते, नसेल तर घ्या. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवा. भरवताना बसतं करून भरवा, ठसका लागत असेल तर पातळ पदार्थ जपून.

भुसावळची_सून
सिस्टर, टाचेचं मला माहीत नव्हतं. आत्ता उशी लावून आले. योहान ९ संध्याकाळी वाचते.

पाळकाचा_मुलगा_धुळे
शालोमताई, तुमच्या कार्डाने तुम्हाला धीर दिला याबद्दल देवाची स्तुती. पण निर्णयासाठी बोट ठेवून वचन काढायला माझा विरोध आहे. माझे वडील पाळक होते, त्यांच्याकडे लोक असं वचन काढून यायचे आणि जमीन विकू का, पोरीचं लग्न ठरवू का विचारायचे. वडील विचारायचे, त्या वचनाच्या आधीचा अध्याय वाचला का?

चिठ्ठ्या टाकणं बायबलात आहे, मान्य. पण शेवटची चिठ्ठी प्रेषितांची कृत्ये १ मध्ये, यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना. दुसऱ्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरतो आणि त्यानंतर मंडळीने चिठ्ठी टाकून ठरवल्याचं अख्ख्या नव्या करारात कुठंही नाही. गिदोनाची लोकरसुद्धा नीट वाचा, शास्ते ६. काय करायचं ते देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. लोकर ओली की कोरडी ही खूण त्याने घाबरून मागितलेली होती, देवाने सांभाळून घेतलं ही देवाची दया.

मला सगळ्यात पटतं ते कृत्ये १६. पौलाला आशिया नावाच्या रोमन प्रांतात जायचं होतं, आत्म्याने अडवलं. बिथुनियाकडे निघाला, तिथंही अडवलं. शेवटी त्रोवसला पोचला, तिथं रात्री मासेदोनियाचा माणूस दिसला, "इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर" म्हणणारा. पण त्यानंतर वाक्य "तो" वरून "आम्ही" वर येतं. सोबतच्या सगळ्यांनी मिळून अर्थ लावला आणि मग निघाले. दृष्टान्त एकट्याला, निर्णय सगळ्यांचा. आणि एवढं देवाने बोलावून फिलिप्पैत गेल्यावर काय झालं, तर फटके आणि तुरुंग! म्हणजे पुढे त्रास झाला म्हणून आपला निर्णय चुकला असंही समजू नये.

शालोम_जळगाव
म्हणजे माझी साक्ष चुकीची का भाऊ? मी शिकलेली बाई नाही, मला मागचा अध्याय पुढचा अध्याय कळत नाही. मला त्याने त्या कार्डातून धरलं.

पाळकाचा_मुलगा_धुळे
नाही ताई, अजिबात चुकीची नाही. तुम्ही वचनावर विसावलात, त्यावर सौदा ठरवला नाहीत. मी फक्त दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतोय. शब्द लागले असतील तर माफ करा.

आडवी_बाग_चोपडा
ताई, तुमन्हं वाचीसन डोयामा पानी उनं. देव शे, तो देखस.

आनंदाबद्दल लिहितो. जूनच्या वादळात माझी केळीची बाग आडवी झाली. निसवलेली बाग, घड भरत आलेले. सकाळी बांधावर उभा राहिलो तर एकही झाड उभं नाही, खोडातून पाणी गळतंय, पानांच्या चिंध्या. कर्ज होतंच. त्या रविवारी पाळकांनी मुद्दाम हबक्कूक ३ वाचला. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. मला राग आला, खोटं कशाला बोलू. उठून बाहेर गेलो. मग बाहेर चिंचेखाली बसून परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की हा माणूस आधी सगळं नुकसान मोजतो. एकेक ओळ, पंचनाम्यासारखा. काही झालंच नाही असं दाखवत नाही. सगळं लिहून झाल्यावर "तरी" म्हणतो. त्या "तरी"वर मी उभा आहे. हसू येतं असं नाही रोज. पण सकाळी उठून खोडं बाहेर काढायला हात चालला, मंडळीतली पोरं कोयते घेऊन आली, दुपारी बांधावर सगळ्यांनी मिळून कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला. तेव्हा मला आनंदच होता. तोच शब्द बरोबर.

प्रश्नचिन्ह_२
धाग्यात घुसतोय, मी कुठल्याच देवाला मानत नाही, वाद घालायचा नाहीये. पण हे मार्गदर्शन म्हणजे शेवटी आपलंच मन आपल्याशी बोलतं असं नाही का? मनाला हवं तेच देव सांगतो असं मी खूप जणांत पाहिलंय.

जपमाळ_भुसावळ
प्रश्नचिन्ह, तुमचा प्रश्न रास्त आहे. आमच्या कॅथलिक परंपरेत संत इग्नेशियस लोयोला यांनी ह्यावरच आयुष्य घातलं. सैनिक माणूस, १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणाला खिळला. पडल्यापडल्या त्यांच्या ध्यानात आलं की शौर्याच्या, दरबाराच्या कल्पना रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि ख्रिस्ताच्या, संतांच्या मागे जायचं मनात आणलं की नंतरही शांती टिकते. विचार येतो तेव्हा कसं वाटतं एवढ्यावर त्यांनी भागवलं नाही, तो गेल्यावर मागे काय उरतं ते पाहिलं. मनाची चलाखी ओळखायची ती पद्धत झाली.

सूनबाई, त्यांचे दोन नियम तुम्हाला उपयोगी पडतील. मन खचलेलं असताना आधी शांतपणे केलेला निश्चय बदलायचा नाही. आणि रात्री झोपण्याआधी दिवस देवासमोर उलगडायचा, सकाळपासून एकेक प्रसंग, कुठे त्याची सोबत जाणवली, कुठे आपण तोंड फिरवलं. मी हे भाजी निवडताना करते, फादरांनी चालेल म्हटलंय. महिनाभर केलं की स्वतःचा कल दिसायला लागतो. तुम्हाला वसतिगृहाचा विचार केल्यावर नंतर कसं वाटतं? आणि नणंदेकडे ठेवायचा विचार केल्यावर?

भुसावळची_सून
जपमाळताई, हा प्रश्न घेऊन दिवसभर फिरले. वसतिगृहाचा विचार केला की उत्साह येतो आणि तो टिकतो. पण आईंना ताईकडे ठेवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मी समजत होते की दोन्ही एकच निर्णय आहे.

मुक्ताईचा_वारकरी
मी मुक्ताईनगरचा, मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला जातो. वाचून छान वाटतंय. एक विचारू का, आमचं नामस्मरण असतं, हाताला काम मुखाला नाम, तसं तुमच्यात काही असतं का? ताईंना बसून प्रार्थनेला वेळ कुठून मिळणार, म्हणून विचारलं.

पाळकाचा_मुलगा_धुळे
असतं की माऊली. लूक १८ मध्ये जकातदार मंदिरात लांब उभा राहून एवढंच म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये येशूचं नाव घेऊन अशीच एक छोटी प्रार्थना श्वासाबरोबर म्हणत राहतात, शतकानुशतकं. आणि तुम्ही वारकरी म्हणून सांगतो, आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

भुसावळकरांना आवडेल असंही आहे. त्यांची सुरुवात रेल्वेच्या डब्यात झाली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं म्हणाला. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला. मधला काळ वाचन, शंका, पत्रं, घरच्यांचं दुःख. लक्ष्मीबाईंना तर ही वाट पटायला आणखी वर्षं लागली, त्यांचा बाप्तिस्मा १९०० चा. एकाच घरात नवराबायकोला एकाच दिवशी दिशा कळेल असं नाही, हे ताईंनी लक्षात घ्यावं.

मुक्ताईचा_वारकरी
वा. रामकृष्ण हरी.

मावची_पोरगा
नंदुरबार जिल्ह्याचा विषय निघालाय तर सांगतो, आमच्या नवापूर स्टेशनवर बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. नवराबायकोचं भांडण झालं तर एकाच बाकावर दोन राज्यांत बसता येतं 😄

जपमाळ_भुसावळ
😄 तरी प्रार्थनेला एकाच राज्यात यावं लागतं!

लोको_शेड
ताई, मी रेल्वेतला, तुमच्या मिस्टरांच्या बाजूने बोलतो. ते सोबत बदली घेतील असं कोणी सुचवलं तर आधी विचार करा. भुसावळ मध्य रेल्वेत, पण नंदुरबार-नवापूरची सुरत लाइन पश्चिम रेल्वेत येते. विनंतीवरून झोन बदलला की सीनियॉरिटी खाली जाते. प्रार्थना करा, पण हे कागद आधी बघून घ्या. मी तरी असं मानतो की देव माहितीतूनपण बोलतो.

सिस्टर_नवापूर
सगळं वाचलं, आणि एक गोष्ट खटकतेय. नवऱ्याचं मत आलं, नणंदेचं आलं, मंडळीचं आलं, आमच्या सगळ्यांचं आलं. सासूबाईंना कोणी विचारलं का? बोलणं अस्पष्ट आहे म्हणजे समजत नाही असं नाही. डावा हात चालतो ना? हो-नाही विचारा, वेळ द्या, उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका. दवाखान्यात आम्ही हेच शिकवतो नवीन पोरींना, की पेशंटच्या डोक्यावरून नातेवाइकांशी बोलू नका.

आडवी_बाग_चोपडा
सिस्टर, बरोबर बोलल्या.

शालोम_जळगाव
मी गप्प बसले होते पण वाचत होते. भाऊंचं म्हणणं मी आमच्या महिला मंडळात वाचून दाखवलं, तिथं निम्म्या बाया तुमच्या बाजूने आणि निम्म्या माझ्या, चहा गार झाला पण वाद संपला नाही. एक मात्र सगळ्यांनी ठरवलं. ताई, भुसावळ काही लांब नाही, आमच्यातल्या काही जणींचं माहेर तिथलंच. तुमच्या मंडळीतल्या बायांना सांगून आठवड्यातून एक दुपार पाळीने तुमच्याकडे बसायला लावा, त्यांना जमत नसेल तर आम्ही येतो. तुम्ही तेवढा वेळ झोपा. नाहीतर बाजारात जा. "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" म्हणून आम्ही सगळ्याच सुटतो, ते बरोबर नाही.

प्रश्नचिन्ह_२
हे मी मानतो. ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

भुसावळची_सून
उशीर झाला लिहायला. सगळ्यांचं वाचलं, काही नवऱ्याला वाचून दाखवलं, तो रेस्टवर आहे.

आधी योहान ९ बद्दल. आईंना वाचून दाखवला. "ह्याचंही नाही, आईबापाचंही नाही" इथं त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि परत वाच अशी खूण केली. मग परत वाचलं. मग आणखी एकदा. त्यानंतर पिठलं भाकरी मागून खाल्ली, भरवून घेताना माझ्यावर ओरडल्यासुद्धा, मीठ कमी म्हणून.

सिस्टर, तुम्ही म्हणालात तसं विचारलं. ताईकडे जाता का? नाही, अगदी ठाम. इथंच राहायचं? बराच वेळ काही नाही. मग त्यांनीच काहीतरी बोलायला सुरुवात केली, मला कळेना, नवऱ्याला बोलावलं, तो म्हणाला आई मावची बोलतेय, तिच्या माहेरची आदिवासी बोली. त्यांचं माहेर नवापूरकडचं हे मला माहीत होतं, पण लग्न होऊन आल्यापासून त्यांना मावची बोलताना मी ऐकलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं, पोरींचं काम चांगलं आहे, सोडू नको, मला घेऊन चल. तिथं भावजया आहेत, बोलायला माणसं आहेत. इतके दिवस आम्ही त्यांना कुठं ठेवायचं याचा विचार करत होतो आणि त्यांना स्वतःला कुठं जायचंय हे ठरलेलं होतं.

ठरलं असं अजून म्हणत नाही. वसतिगृहाला पत्र पाठवून विचारलंय की अधीक्षिकेची खोली तळमजल्यावर आहे का आणि आजारी माणूस सोबत ठेवता येईल का. ते नाही म्हणाले तर नाही. पाळक आणि मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना शनिवारी घरी बोलावलंय, सगळ्यांनी मिळून बोलू, कृत्ये १६ प्रमाणे. नवरा भुसावळलाच राहील सध्या, लोको_शेड दादांनी सांगितलेलं त्याला पटलं, रेस्टला येत जाईल. हे सोपं नाही, मला भीती वाटते. पण जपमाळताई, आता विचार केला की पोटात गोळा येत नाही. रात्री दिवस उलगडायचं सुरू केलंय, अजून मध्येच झोप लागते.

जपमाळ_भुसावळ
झोप लागली तर लागू दे गं, तोही त्याचाच हात.

पाळकाचा_मुलगा_धुळे
शनिवारी काय होतं ते नक्की लिहा. आणि ते प्रचारक परत आले तर त्यांना सासूबाईंसमोर योहान ९ वाचायला सांगा.

सिस्टर_नवापूर
इकडे यायचं ठरलं तर चिंचपाड्याला ख्रिश्चन हॉस्पिटल आहे, महामार्गावरच. जुने सगळे कागद, सीटी स्कॅनच्या फिल्म आणि चालू गोळ्यांची यादी एका पिशवीत घालून आणा, रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासात चुकवू नका.

लोको_शेड
गाडीने आणा, रस्त्याने नको, खड्ड्यांनी हाल होतील त्यांचे. भुसावळ स्टेशनवर व्हीलचेअर आधी सांगून ठेवा, दिव्यांग डबा कुठं लागतो तेही विचारा. मिस्टर ड्युटीवर असले तर मला इथंच निरोप टाका, आम्ही चौघं चढवून देतो.

मावची_पोरगा
नवापूरला उतरवून घ्यायला आम्ही तरुण संघाची पोरं येऊ. आजींना मावचीतली गाणी येतात का विचारा ना, आमच्याकडे जुनी गाणी येणारं माणूस कमी झालंय.